सात पेल्यांची पट्टी

मराठी मी शाळेत शिकले नाही. शाळेत तेलुगू होती, हिंदी होती, इंग्रजी होती. मराठी मी पत्रकांवर शिकले.

नल्लकुंट्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली, कपाटावर, पंख्याच्या रिकाम्या खोक्यात, सगळीकडे पत्रकं असायची. वडील सरकारी नोकरीत होते. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन पत्रकांच्या घड्या घालायला बसायचे आणि मी त्यांच्यासमोर. गुलाबी कागद, पोपटी कागद, बोटांना लागणारी शाई. वर जाड अक्षरात सवाल, खाली त्याहून जाड अक्षरात जवाब. उद्गारचिन्ह मला बाराखडीच्या आधी ओळखता यायला लागलं.

नांदेड-परभणीकडून इकडे तेलुगू मुलखात येऊन राहिलेल्या आमच्या लोकांत पुष्कळांना मराठी बोलता यायची, पण वाचता यायची नाही. म्हणून सभा सुरू होण्याआधी पत्रक मोठ्यानं वाचून दाखवायची रीत होती आणि ते काम पोरींकडे असायचं. वाचण्याचे दोन सूर होते. समोरच्या पक्षाचं म्हणणं आलं की ते नाकातून, जरा लांबवत वाचायचं. मग लोक ओरडायचे, "खोटं!" आपलं म्हणणं आलं की ते छातीतून, शेवटचा शब्द आपटून वाचायचं. मग लोक म्हणायचे, "बरोबर!" हे कुणी शिकवलं नाही. दहाव्या वर्षी, एप्रिलमधल्या जयंतीच्या आदल्या दिवशी, दिलसुखनगरच्या एका हॉलमध्ये मी पहिल्यांदा वाचलं आणि तीनशे माणसं माझ्या शेवटच्या शब्दावर एकदम "बरोबर" म्हणाली. ते अजून माझ्या छातीत आहे.

हे आधी सांगते आहे, कारण पुढे माझ्या हातून जी चूक झाली ती इथूनच निघाली.

एम.ए. झाल्यावर मला काचीगुड्यात एक काम मिळालं. स्टेशनसमोरच्या गल्लीत, बॅटऱ्यांच्या दुकानावर, दोन टेबलांचं ऑफिस. ते चालवणाऱ्या मॅडम कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं तीन पिढ्या या शहरातल्या वकिलांचं आणि मास्तरांचं. मराठी अगदी शुद्ध, पण मध्येच "हौ" आणि "नक्को" हे इथल्या दखनीतले शब्द असे यायचे की वाटावं ते मराठीतलेच आहेत. त्यांच्या घराण्याबद्दल माझ्या मनात एक पत्रक आधीच छापून तयार होतं, हेही कबूल करते.

काम असं होतं. यंत्रांबद्दल माणसांच्या मनात काय आधीच बसलेलं असतं, ते मोजायचं.

"यंत्र चांगलं की वाईट हे मोजायचं नाही," मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या. "माणूस दर वेळी विचार करत बसतो का? नाही ना. मशीन म्हटलं की कुणी म्हणतो, म्हणजे बरोबरच असणार. कुणी म्हणतो, म्हणजे त्याला काळीज नसणार. झटकन. ती झटकन जाणारी गल्ली आहे ना डोक्यातली, ती कुठं वळते ते बघायचं."

"आणि ती मोजता येते?"

"म्हणून तर ऑफिसचं भाडं भरते मी."

अठरा विधानं होती. यंत्र दमत नाही. यंत्र गुपित फोडत नाही. यंत्राला माणसाची अडचण कळत नाही. यंत्र सगळ्यांशी सारखं वागतं. एकेक वाचायचं आणि समोर एक पुठ्ठ्याची पट्टी धरायची. पट्टीवर सात पेले काढलेले होते, पहिला रिकामा, सातवा काठोकाठ भरलेला, मधले चढत जाणारे. बोललेलं जितकं पटेल तितक्या भरलेल्या पेल्यावर माणसानं बोट ठेवायचं. आकडा विचारला तर लोक परीक्षेला बसल्यासारखे घाबरतात, म्हणून मॅडमनी हे पेले काढले होते.

त्यांनी आधी मलाच बसवलं. मी यंत्राच्या कौतुकाच्या प्रत्येक विधानाला रिकामा पेला दाखवला. यंत्र म्हणजे मालकाचा लांब केलेला हात, हे मला नववीपासून माहीत होतं. मॅडमनी माझा फॉर्म एका लिफाफ्यात घातला.

मग तीन आठवडे मी आमच्या मराठी वस्तीत फिरले. चाळीस घरं. प्रत्येक घरात चहा, काही घरांत पोहे, दोन घरांत माझ्या लग्नाची चौकशी. मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करायचं होतं, ते केलं. फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला तेव्हा मला सभा जिंकून आल्यासारखं वाटत होतं. आमच्या लोकांना सगळं कळतं, कुणी फसत नाही, असं ते फॉर्म सांगत होते.

मॅडम दोन दिवस ते फॉर्म चाळत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला. वर एकच विधान, यंत्र सगळ्यांशी सारखं वागतं; खाली सात पेले, आणि एकेका माणसाच्या उत्तराचा एकेक ठिपका त्याच्या पेल्यावर. काचीगुड्यातल्या जुन्या घरांमधून त्यांनी स्वतः गोळा केलेले ठिपके निळे होते. ते सातही पेल्यांवर विखुरले होते. माझे ठिपके लाल होते आणि ते सगळे रिकाम्या पेल्यावर एकावर एक चढले होते, विटा रचल्यासारखे.

"आमच्या लोकांत एकी आहे," मी म्हणाले.

"असेल की. पण चाळीस माणसांत यंत्राबद्दल एवढी एकी मी उभ्या जन्मात बघितली नाही." त्यांनी ड्रॉवरमधून लिफाफा काढला, माझा पहिल्या दिवशीचा फॉर्म त्या गठ्ठ्यावर ठेवला. "हे बघ. ही चाळीस माणसं नाहीत. ही तू आहेस, चाळीस वेळा."

मी चिडले. आमच्या माणसांना स्वतःचं मत असू शकत नाही असं तुम्हाला वाटतं का, असं विचारलं. तुमचे निळे ठिपके शहाणे आणि आमचे लाल पढवलेले, असंही म्हणाले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं? आता तुझं रेकॉर्डिंग ऐक."

मी ऐकलं. माझाच आवाज होता. "यंत्र... सगळ्यांशी... सारखं वागतं." नाकातून, लांबवत. आणि वाक्य पुरतं संपायच्या आत एका म्हाताऱ्या काकांचा हॉलमधला तो जुना, भरदार आवाज: "खोटं!"

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात एक आजी तर नुसतं "यंत्र" ऐकूनच "खोटं" म्हणाली आणि पाठोपाठ हसली, कारण तिला खेळ ओळखू आला होता. मी पोरगी होते तेव्हा पहिल्या रांगेत बसून तीच "खोटं" म्हणायची. मी प्रश्न विचारतच नव्हते. मी पत्रक वाचत होते आणि माझी माणसं माझी इज्जत राखत होती.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. समोरच्या स्टेशनात कुठल्या तरी गाडीची घोषणा चालली होती.

"हे चाळीसही रद्द," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "अहवाल दोन आठवड्यांत द्यायचाय. तोवर पुन्हा सगळी घरं झाली तर ठीक. नाहीतर तुमची वस्ती मला गाळावी लागेल."

गाळावी लागेल. हा शब्द मी शेकडो पत्रकांत वाचला होता. अमक्या यादीतून गाळलं, तमक्या योजनेतून गाळलं. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी गाळणारा दुसरा कुणीतरी होता. इथे गाळणारी मी होते.

"मी पुन्हा जाते."

"जा. पण वाचायचं नाहीस तू." त्यांनी टॅब्लेट पुढे सरकवला. "हे वाचेल. तू फक्त पट्टी धरायची. तोंड बंद."

यंत्राबद्दल लोकांना काय वाटतं हे विचारायला यंत्र! मी घरी येऊन वडिलांसमोर खूप आदळआपट केली. त्यांना रेकॉर्डिंगही ऐकवलं. "खोटं!" ऐकून आधी ते खूश झाले, म्हणाले, "बघ, अजून धार आहे म्हाताऱ्याला." मग पुढचं ऐकलं, त्याच्या पुढचं ऐकलं. हातातली पत्रकाची घडी अर्धीच राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं लोक 'बरोबर' म्हणायचे, ते..." एवढं म्हणून थांबले. त्या दिवशी त्यांनी घड्या घातल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी टॅब्लेट घेऊन तीच दारं वाजवायला लागले. टॅब्लेटमधला बाईचा आवाज सपाट होता, कुठल्याच गावचा नव्हता. आजीनं ऐकून विचारलं, "ही बाई पुण्याची का गं?"

"बाई नाही आजी. मशीन आहे."

"बाई नाय? मग बोलती कशी?" आणि टॅब्लेटकडे वळून, "चहा घेतीस का माय?"

एक काका बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या फेरीत त्यांनी यंत्राच्या सगळ्या कौतुकाला "खोटं" म्हटलं होतं. टॅब्लेट म्हणाला, यंत्र दमत नाही. काका थबकले.

"दमत नाही कसं? आमची तिकिटाची मशीन मे महिन्यात चार वाजता दमायची. ओला रुमाल ठेवायचो मी तिच्या डोक्यावर. मग बिचारी चालायची कोटीच्या स्टॉपपर्यंत." थोडा विचार करून त्यांनी दुसऱ्या पेल्यावर बोट ठेवलं. मग उचलून तिसऱ्यावर. "माझ्यापेक्षा कमी दमायची, खोटं कशाला बोलू?"

एका नव्या सुनेला 'यंत्र गुपित फोडत नाही' हे ऐकून हसू आवरेना. सासूकडे चोरून बघितलं आणि पट्टीवर पदर धरून आडोशात बोट ठेवलं. कुठल्या पेल्यावर ते मला दिसलं. सासूला शेवटपर्यंत दिसलं नाही.

मी गप्प बसायला शिकत होते. सोपं नव्हतं. गप्प बसलं की माणूस विचार करताना दिसतो, हे मला माहीत नव्हतं. बोट दोन पेल्यांच्या मध्ये लोंबकळतं, खाली येतं, पुन्हा उचललं जातं. डोळे कुठं तरी जातात, कारखान्यात, दवाखान्यात, एखाद्या जुन्या दुपारी, आणि तिथून उत्तर घेऊन परत येतात. हे लोक मला लहानपणापासून ओळखतात आणि मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. सभेत ते सगळे एका आवाजात होते. इथे प्रत्येकाचं डोकं स्वतःच्या पायवाटेनं चाललेलं मला दिसत होतं आणि माझ्या हातात होती फक्त पुठ्ठ्याची एक पट्टी.

भिंतीवरच्या कागदावर रोज नवे लाल ठिपके पडायला लागले. विटांचा तो मनोरा गेला. ठिपके पांगले, निळ्यांमध्ये मिसळले, काही निळ्यांच्याही पलीकडे गेले. मी एका संध्याकाळी त्या कागदासमोर उभी राहिले ती बराच वेळ हलले नाही.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"इतकी वेगवेगळी आहेत," मी म्हणाले.

"हौ," त्या म्हणाल्या आणि दिवा लावला.

एकोणचाळीस झाले. चाळिसावी राहिली होती, आमच्या खालच्या मजल्यावरची मावशी.

मावशी एका खासगी दवाखान्यात आया आहे. आई कामावर असायची तेव्हा मला हिनंच सांभाळलं. पहिल्या फेरीत तिनं कौतुकाच्या प्रत्येक विधानाला रिकामा पेला दाखवला होता आणि वर माझ्या तोंडावरून हात फिरवला होता. आता ती तयार होईना.

"एकदा सांगितलं ना? आता त्या पाटीला काय सांगू?"

"मावशी, तुझं राहिलं तर हिशेब अर्धा राहतो. मॅडम वस्ती गाळतील."

"गाळतील म्हणं! आण हिकडं."

रविवारची दुपार होती. ती मेथी निवडत होती. टॅब्लेट मी मेथीच्या जुडीला टेकवून उभा केला. पहिली दहाबारा विधानं सरळ गेली. मग सपाट आवाज म्हणाला, "यंत्र सगळ्यांशी सारखं वागतं."

मावशीचा हात मेथीत थांबला. ती बोलायला लागली. माझ्याशी नाही, त्या टॅब्लेटशी.

"आमच्या दवाखान्यात पैले मुकादम हजेरी लावायचा. एकवीस वर्सं लावली त्यानं. मान वर करून बगितलं नाय. 'ए वार्डवाली, आलीस का?' बस. माझं नाव त्याच्या वहीत व्हतं, पण तोंडात कदी आलं नाय. मग ते मशीन बसवलं. समोर उभं राहायचं. ते तोंड शोधतं. पदर आडवा आला तर म्हणतं, जवळ या. आन् मग नाव घेतं. माझं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं. वर थँक्यू म्हणतं. पैल्या दिवशी म्या मागं वळून बगितलं, कुणाला बोलतंय म्हणून."

ती थोडी हसली. "आता रोज पाच मिंटं आदी जाती. केस नीट करून जाती. लेट बी लावतं ते. मागल्या महिन्यात बस बंद पडली तर दोन दिवस लेट लावलं. त्याला बस कुठं कळती? पण लावतं ते तोंड बगून लावतं."

आणि तिनं काठोकाठ भरलेल्या पेल्यावर बोट ठेवलं.

माझ्या डोक्यात सगळं तयार होतं. त्या मशीनच्या मागे तोच मुकादम बसला आहे. ते नाव त्यानंच भरलं आहे. लेटचा पगार तोच कापतो, फक्त आता त्याला तुझ्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. मथळासुद्धा जुळला होता, जाड अक्षरात. आणि यातलं काही खोटं नव्हतं, आजही मला ते खोटं वाटत नाही. पण तिचं बोट पेल्यावर होतं. शेतीवाडी सोडून या शहरात आलेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांची घाण उचललेल्या माझ्या मावशीचं बोट, मेथीनं हिरवं झालेलं, आणि ते जराही हलत नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर ते हललं असतं. माझ्यासाठी तिनं ते पुन्हा रिकाम्या पेल्यावर आणलं असतं. एवढी ताकद माझ्या आवाजात आहे, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी घाबरले.

मी सात लिहिले.

शेवटी टॅब्लेटनं विचारलं, "आकडे राहतील. तुमचा आवाज ठेवायचा की पुसायचा?"

"पूस," मावशी म्हणाली. मी माझ्या हातानं पुसला. पडद्यावर नागमोडी चाललेली रेघ सपाट झाली.

मग मात्र मला राहवलं नाही. "मावशी, मागच्या वेळी रिकामा पेला का दाखवलास?"

"तू तसंच वाचलंस की. तुला चार बायांत खाली पाडू का?"

"आणि हे मला कधी का नाही सांगितलं?"

ती देठ खुडत राहिली. "तुला सांगितलं असतं तर तू पत्रक केलं असतंस. मोठ्या अक्षरात. मग हॉलमंदी कुणीतरी वाचलं असतं आन् लोकांनी वराडलं असतं, बरोबर! माझं काय बरोबर, काय खोटं, ते मला ठरवू दे की." टॅब्लेटकडे हनुवटी करून म्हणाली, "त्याचं काय, त्याचं मन राखायचं नसतं."

अहवालात आमची वस्ती राहिली. एक पान आहे आमचं, लाल ठिपक्यांचं. सातव्या पेल्यावर मावशीचा ठिपका आहे. तो कुठला ते फक्त मी सांगू शकते आणि तिच्या परवानगीशिवाय सांगितलं नसतं.

परवानगी मिळायला आठ महिने लागले. मी पत्रकं अजून लिहिते, ते सुटणारं नाही, पण आधी वडिलांना सपाट आवाजात वाचून दाखवते आणि ते सध्या पटकन "बरोबर" म्हणत नाहीत. मावशीला मी विचारलं, तुझं ते लिहू का?

"पत्रक नको."

"नाही. बारीक अक्षरात. नुसतं झालं तसं."

"नाव नको. टाळ्याबी नको."

गेल्या रविवारी हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. जमेल तितक्या सपाट आवाजात. मुकादमाच्या वाक्याला आवाज नाकात जायला लागला तशी ती म्हणाली, "हां, हां," आणि मी थांबून ते वाक्य पुन्हा वाचलं. संपल्यावर पर्समधून पट्टी काढून तिच्यासमोर धरली. ती हसली, पण बोट लगेच ठेवलं नाही. चौथ्यावर नेलं, तिथून उचललं, पाचव्यावर थांबली.

"पाचच?"

"ते घाण उचललेल्या मावशीचं जिथं हाय ना, तिथं तू सभेत उभी व्हतीस."

मी म्हटलं, काढून टाकू का? तिनं विचार केला. "ऱ्हाऊ दे. पाच हायेत म्हणून सांग लोकांला." मग घड्याळ बघितलं, उठली, आरशासमोर केस नीट केले आणि ड्यूटीला निघाली.